करप्याची बुरशी प्लेटवर जोमात, भाताच्या पानावर मात्र एकही डाग नाही

ही अडचण आमच्या प्रयोगशाळेत तीन पावसाळ्यांत तीनदा आली. दर वेळी कारण वेगळं निघालं आणि दर वेळी आम्ही सुरुवातीला चुकीच्याच ठिकाणी शोधत बसलो. नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात आम्ही भातावरच्या करप्याच्या बुरशीवर, म्हणजे मॅग्नापोर्थे ओरायझीवर काम करतो. कोणतं जनुक तिच्या वाढीला लागतं आणि कोणतं फक्त रोग घडवायला, हा आमचा प्रश्न. तो कागदावर सोपा दिसतो. जनुक काढून टाका, ते गेलेली बुरशी म्हणजे म्युटंट, ती भातावर फवारा, डाग आले नाहीत तर ते जनुक रोगकारकतेचं. पण डाग न येण्याला निदान दहा कारणं असू शकतात आणि त्यातली नऊ जनुकाशी संबंध नसलेली असतात. हाच घोळ पुण्यापासून दापोलीपर्यंत अनेक मुलामुलींच्या वाट्याला येतो हे मला फोनवरून कळत असतं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे.

पहिला प्रसंग सांगते. आषाढ होता, फवारणीला सात दिवस झाले होते. आमची एम. एस्सी.ची विद्यार्थिनी ट्रे बघून आली आणि म्हणाली, "ताई, म्युटंटवर एकपण डाग नाही. आपलं जनुक सापडलं!" तिचा आनंद बघून मलाही भरून आलं. मग मी विचारलं, "मूळ स्ट्रेनचा ट्रे कसा आहे?" ती गप्प झाली. मूळ स्ट्रेनच्या, म्हणजे जनुकात काहीही बदल न केलेल्या बुरशीच्या रोपांवरही काहीच नव्हतं. स्वच्छ हिरवी पानं.

म्हणून सगळ्यात आधी हे बघा: त्याच दिवशी, त्याच पाण्यात, त्याच डब्यात ठेवलेल्या मूळ स्ट्रेनने डाग दिले का? ते न बघता म्युटंटबद्दल एक ओळही वहीत लिहू नका. मूळ स्ट्रेनही नापास असेल तर पुढचा पहिला भाग वाचा. मूळ स्ट्रेन पास आणि म्युटंट नापास असेल तर थेट जनुकांच्या भागाकडे जा. आणि म्युटंट कधी डाग देतो, कधी देत नाही असं असेल, तर शेवटचा भाग तुमच्यासाठी आहे.

मूळ स्ट्रेनही डाग देत नसेल तर

आमच्याकडे पहिल्या वेळी कारण निघालं ते सबकल्चरचं. प्लेटमागे, म्हणजे बुरशी वाढवायच्या उथळ बशीमागे, मार्करने लिहिलेला आकडा होता १४. म्हणजे एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर असं चौदा वेळा तीच बुरशी आम्ही नेत राहिलो होतो. जागा बदलली, माणसं बदलली, बुरशी मात्र "तीच" आहे असं आम्ही धरून चाललो. ती तीच नव्हती.

असं का होतं हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. शेतात या बुरशीला जगायचं असेल तर बीजाणू बनवावे लागतात, ओल्या पानावर घट्ट चिकटावं लागतं, मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य तयार करावं लागतं, भाताच्या पेशीत शिरून तिच्या बचावाला चकवावं लागतं. प्लेटवर यातलं काहीच लागत नाही. अन्न समोर वाढून ठेवलेलं, शत्रू कोणी नाही. अशा ठिकाणी एखाद्या केंद्रकात बदल झाला आणि बीजाणू बनवण्याचा खर्च वाचला, तर ते तंतू इतरांपेक्षा भरभर पसरतात. आपण काय करतो? प्लेटच्या कडेचा, सगळ्यात पुढे गेलेला तुकडा कापून नव्या प्लेटवर ठेवतो. म्हणजे दर वेळी आपणच वेगाने वाढणाऱ्याची निवड करतो आणि रोगाची ताकद गळून पडते. या बुरशीच्या जनुकसंचात जागा बदलणारे डीएनएचे तुकडे, म्हणजे ट्रान्सपोझॉन, भरपूर आहेत. ते एखाद्या जनुकात जाऊन बसले की ते जनुक बंद पडतं. शेतात अशी बुरशी मागे पडेल, प्लेटवर तिला कोणी अडवत नाही.

ओळखायचं कसं? ओट्सच्या अगारवर, म्हणजे ओट्स घालून गोठवलेल्या जेलीसारख्या माध्यमावर, चांगली प्लेट राखाडी दिसते आणि दहा-बारा दिवसांत बीजाणूंनी भरते. बिघडत चाललेली प्लेट पांढरी, कापसासारखी फुगीर होते आणि खरवडून पाण्यात घेतली तर सूक्ष्मदर्शकाखाली तंतूच तंतू, बीजाणू तुरळक. कधी कधी एकाच प्लेटवर पंख्याच्या आकाराचा वेगळ्या रंगाचा पट्टा दिसतो. त्या पट्ट्यातून कधीही तुकडा घेऊ नका, तो कितीही तजेलदार दिसला तरी.

उपाय जुनाच आहे आणि स्वस्त आहे. गाळणकागदाचे छोटे निर्जंतुक तुकडे अगारवर ठेवायचे, बुरशी त्यांच्यावरून वाढू द्यायची, मग ते तुकडे सोलून काढून पूर्ण कोरडे करायचे आणि लहान पाकिटांत उणे २० अंशांना ठेवायचे. दर प्रयोगाला नवा तुकडा. त्या प्लेटवरून फार तर दोनदा पुढे न्यायचं, मग ती प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात. वाळवण्यात घाई केली तर ओल राहते आणि पाकिटात बुरशी मरते. आमच्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की नुसतं लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटात, उघडं ठेवून कागद वाळत नाही. सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये काही दिवस ठेवावाच लागतो. आणि फ्रीझर आपोआप बर्फ वितळवणारा नको, तो आतलं तापमान सारखं वर-खाली करतो.

आता पानावरचा प्रवास. करपा पानात कसा शिरतो हे डोळ्यांसमोर असलं की कुठल्या टप्प्यावर गाडी अडली ते चटकन कळतं. तीन पेशींचा, नासपतीच्या आकाराचा बीजाणू पानावर पडतो आणि टोकाच्या चिकट थेंबाने चिकटतो. दोन तासांत त्याला अंकुरनळी फुटते. पृष्ठभाग कडक आणि पाणी न धरणारा आहे असं जाणवलं की चार ते सहा तासांत नळीचं टोक फुगू लागतं आणि घुमटासारखा ॲप्रेसोरियम तयार होतो. त्याच्या भिंतीत मेलॅनिनचा काळा थर बसतो, आत ग्लिसरॉल साठतं, पाणी ओढलं जातं आणि दाब ८ मेगापास्कलपर्यंत चढतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या साधारण चाळीस पट. त्या दाबाने खालून एक बारीक खुंटी पानाच्या त्वचेत ठोकली जाते. चोवीस तासांच्या आसपास बुरशी पहिल्या पेशीत असते, आणि चार-पाच दिवसांनी डोळ्याला डाग दिसतो. मी हे काम इतकी वर्षं करते आहे, पण सूक्ष्मदर्शकाखाली ते काळं वलय पूर्ण झालेलं दिसलं की अजूनही हात थांबतो.

हे सगळं पानाशिवायही बघता येतं आणि म्हणूनच फवारणीच्या आदल्या दिवशी ही चाचणी करायलाच हवी. पाणी न धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या कव्हरस्लिपवर बीजाणूंच्या पाण्याचे थेंब ठेवा, ओल्या कागदावर झाकून २५ अंशांना ठेवा आणि दोन, सहा आणि चोवीस तासांनी मोजा. शंभर बीजाणूंपैकी किती उगवले, उगवलेल्यांपैकी कितींना घुमट आले, त्यातले किती काळे झाले. मूळ स्ट्रेनमध्ये घुमट बहुतेक सगळ्यांनाच यायला हवेत. आमच्या एका मुलाने ही चाचणी धुतलेल्या काचेच्या स्लाइडवर केली आणि "घुमट येत नाहीत" असं नोंदवलं. काच पाणी धरते, त्यामुळे तिच्यावर ते येणारच नव्हते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे खरवडताना अगारचे कण आणि त्यातलं अन्न सोबत येणं. अन्न मिळतंय असं कळलं की बुरशी घुमट बांधायचं टाळते, नुसती नळी लांबवत बसते. दोनपदरी मलमलीतून गाळा, सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवा, ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा आणि मगच हिमोसायटोमीटर या मोजणीच्या आखीव काचपट्टीवर मोजून मिलिलिटरला एक लाख बीजाणू अशी तीव्रता करा. चिकटण्यासाठी ०.२ टक्के जिलेटीन घातलं की थेंब पानावरून ओघळत नाहीत.

प्लॅस्टिकवर सगळं उत्तम आणि पानावर तरीही काही नाही, असं झालं तर बुरशीला सोडा आणि रोपाकडे बघा.

रोपाच्या बाबतीत एकच गोष्ट ठासून सांगते: वाण. या रोगात रोपाची प्रतिकार-जनुकं आणि बुरशीची तिला उघडं पाडणारी जनुकं यांची कुलूप-किल्लीसारखी जोडी असते. बुरशीकडे एव्हीआर-पिटा हे जनुक असेल आणि भाताकडे पाय-टा असेल, तर भात तिला ओळखतो आणि पेशी तिथल्या तिथे मारून रोग थांबवतो. पानावर फार तर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसतात. ही बुरशी दुबळी नाही, ओळखली गेली एवढंच. म्हणून सीओ-३९ सारखा सर्वांना माहीत असलेला बळी पडणारा वाण दर ट्रेमध्ये हवा, आणि बी खात्रीच्या ठिकाणचं हवं. बाजारातून आणलेल्या पिशवीवर काय छापलं आहे यावर आम्ही एकदा विसंबलो आणि तीन आठवडे गेले. रोपं तीन-चार पानांची, कोवळी असावीत. फवारणीच्या दोन-तीन दिवस आधी थोडं अमोनियम सल्फेट दिलं की पानं रोगाला जास्त बळी पडतात. मुरबाडला आमच्या काकांना हे कोणी शिकवलं नव्हतं, पण "युरिया जास्त पडला की करपा येतोच" हे ते मी शाळेत असल्यापासून सांगत आले आहेत.

मग हवा. दुसऱ्या पावसाळ्याआधी, मे महिन्यात, आम्ही ट्रे गच्चीवरच्या हरितगृहात ठेवले होते. नवी मुंबईच्या गच्चीवर मेमध्ये जाळीखालीसुद्धा ३५ अंशांच्या वर जातं आणि ही बुरशी त्या उन्हात काहीच करत नाही. ते लक्षात आल्यावर ट्रे एसीच्या खोलीत आणले, तर तापमान नेमकं २५, पण एसीने हवा इतकी कोरडी केली की पानावरचे थेंब तासाभरात वाळले. घुमट तयार व्हायच्या आधीच बीजाणू सुकून गेले. बुरशीला दोन्ही हवं: २५ ते २८ अंश आणि पान निदान चोवीस तास ओलं. शेवटी आम्ही मासळीवाल्यांकडे असतात तसले मोठे थर्मोकोलचे खोके आणले, तळाशी ओलं फडकं अंथरलं, आत ट्रे ठेवून झाकण लावलं आणि खोकं एसीच्या खोलीत ठेवलं. पहिला दिवस पूर्ण अंधार, मग झाकण थोडं सरकवून दिवे. तेव्हापासून हवेची तक्रार नाही.

एक ताकीद इथेच. रोपं गच्चीवर वाढवायला हरकत नाही, पण फवारणी बंद खोलीतच करा. आणि जनुकात बदल केलेली बुरशी असेल तर ती कुठल्याही कारणाने उघड्यावर नेऊ नका. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी कागदावर हवी, आणि प्रयोग संपल्यावर रोपं, माती, हातमोजे सगळं ऑटोक्लेव्हमध्ये. ठाणे जिल्ह्यात मुरबाड, शहापूर, भिवंडीपर्यंत भाताची खाचरं आहेत. आपल्या खोलीतून तिकडे काही जाता कामा नये.

मूळ स्ट्रेन डाग देते, म्युटंट देत नाही

आता खरा प्रश्न सुरू होतो आणि घाई इथेच जास्त होते. डाग नाही, म्हणजे हे जनुक रोगकारकतेचं, असा निष्कर्ष काढण्याआधी स्वतःला विचारा: ही बुरशी पानाबाहेर तरी नीट वाढते का?

बुरशी मुळात दुबळी असेल तर ती पानावरही दुबळीच ठरणार. हिस्टिडीनसारखं अमिनो आम्ल स्वतः बनवू न शकणारा म्युटंट अन्नद्रव्यांनी भरलेल्या माध्यमावर झकास वाढतो, आणि भातावर डाग देत नाही. त्या जनुकाला रोगाचं जनुक म्हणायचं का? माझं मत आहे, नाही. त्याचं काम पेशीच्या स्वयंपाकघरातलं आहे. म्हणून दोन माध्यमांवर वाढ मोजा, एक भरपूर अन्नाचं आणि एक किमान अन्नाचं. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या दिवशी वसाहतीचा व्यास मोजा, तीन-तीन प्लेटवर. प्लेटवर किती बीजाणू आले तेही मोजा, पण फवारताना दोन्हींची तीव्रता सारखीच ठेवा, नाहीतर बीजाणू कमी म्हणून डाग कमी एवढंच सिद्ध होईल. हळू वाढणारा म्युटंट असेल तर सातव्या दिवशी ट्रे फेकू नका, दहाव्यापर्यंत थांबा.

त्यानंतर जखमेची चाचणी. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सगळ्यात जास्त काही सांगून जाणारी हीच, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही हीच. पानाला सुईने हलकेच ओरखडा काढा किंवा टोचा आणि थेंब थेट तिथे ठेवा. आता बुरशीला दार फोडायची गरज उरली नाही. तरीही डाग येत नसेल तर अडचण आत गेल्यावरची आहे. डाग आला तर अडचण दारातली होती.

याच बुरशीवरचं गाजलेलं काम या चाचणीच्या उजेडात बघा, म्हणजे स्वतःच्या म्युटंटला कुठे बसवायचं ते कळेल. पीएमके१ हे एका मॅप कायनेजचं, म्हणजे पेशीत संदेश पुढे नेणाऱ्या एका एन्झाइमचं जनुक. १९९६ मध्ये ते काढून टाकलेले म्युटंट तपासले गेले तेव्हा प्लेटवरची वाढ जवळपास नेहमीसारखी होती, पण घुमट येईना, आणि जखमेतून आत सोडलं तरी बुरशी भातात पसरेना. म्हणजे वाढीपासून रोगकारकता खरोखर वेगळी काढता येते, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा क्वचितच असेल. एमपीएस१ दुसरं मॅप कायनेज, पेशीभित्तिका शाबूत ठेवणारं. ते नसेल तर घुमट बनतो पण आत शिरता येत नाही, जखमेतून मात्र रोग होतो. प्लेटवरही त्याचा फटका दिसतो, हवेत उभे राहणारे तंतू कमी आणि वसाहतीच्या मध्यभागी तंतू विरघळलेले. मेलॅनिन बनवणारी जनुकं बिघडली तर वसाहतीचा रंगच बदलतो, पांढरा, गुलाबीसर किंवा फिकट तपकिरी. वाढीला काही होत नाही, पण मेलॅनिनविना घुमटात दाब टिकत नाही, म्हणून निरोगी पानावर शून्य आणि जखमेवर डाग. ट्रायसायक्लॅझोल हे औषध करप्यावर चालतं ते याच मेलॅनिनच्या वाटेत आडवं येऊन. आणि म्हणूनच एक सूचना: तुमची प्लेट पांढरी पडली असेल तर ती सबकल्चरने बिघडली की मेलॅनिनचं जनुक गेलं, हे तपासल्याशिवाय ठरवू नका. मेलॅनिन नसलेली बुरशी बीजाणू बनवते, बिघडलेली प्लेट बहुधा बनवत नाही.

एमपीजी१ वेगळ्या जातीचं. ते पाणी झटकणाऱ्या प्रथिनाचं जनुक आहे. प्लेटवर साध्या पाण्याचा थेंब टाकून बघा. चांगल्या बुरशीवर थेंब मण्यासारखा राहतो, हे जनुक नसलेल्या बुरशीत लगेच शोषला जातो. अशा साध्या खुणा वहीत लिहून ठेवत चला. जनुकांची यादी हातात घेण्याआधी बुरशी स्वतःच पुष्कळ सांगून गेलेली असते.

आता या अडचणीचा सगळ्यात फसवा भाग, आणि आमचा तिसरा पावसाळा यातच गेला. पेशीतला संदेशवाहक सायक्लिक एएमपी वाढीलाही लागतो आणि रोगालाही. तो बनवणाऱ्या एन्झाइमचं जनुक मॅक१. ते काढून टाकलं की बुरशीची वाढ मंदावते, बीजाणू कमी होतात, घुमट येत नाही. बाहेरून सायक्लिक एएमपी दिलं की घुमट पुन्हा येतात. इथवर ठीक. पण १९९८ मध्ये दाखवलं गेलं की असे काही म्युटंट स्थिर राहत नाहीत. त्यांच्यात आपोआप दुसऱ्या जागी बदल होतात आणि वाढ पूर्ववत होते. अशा एका बदलाची जागा सापडली ती सम१ या जनुकात, म्हणजे प्रोटीन कायनेज ए या एन्झाइमच्या नियंत्रक घटकात. ब्रेक ढिला पडला आणि सायक्लिक एएमपी नसतानाही गाडी चालू लागली. याच कायनेजच्या दुसऱ्या घटकाचं जनुक सीपीकेए. ते काढलं तर वाढ ठीक राहते, घुमटही येतात, उशिरा आणि लहान, पण आत शिरता येत नाही. म्हणजे एकाच संदेशाच्या दोन वाटा फुटतात, एक वाढीकडे जाते आणि एक रोगाकडे.

आमच्या हळू वाढणाऱ्या म्युटंटच्या प्लेटवर एके दिवशी एक पट्टा भराभर पुढे गेलेला दिसला. सगळ्यांना वाटलं, बरं झालं, शेवटी बाळसं धरलं. तिथूनच पुढच्या प्लेट केल्या गेल्या. मग महिनाभराने निकाल उलटे येऊ लागले. डीएनए तपासणारी पीसीआर चाचणी म्हणत होती जनुक गेलेलंच आहे, बुरशी म्हणत होती मला काही झालेलं नाही. दुसऱ्या जागी बदल होऊन वाढ सावरली होती आणि आम्ही तीच निवडून वाढवत बसलो होतो. तुमचा म्युटंट मंद असेल तर त्याची पहिल्याच आठवड्यात गाळणकागदावर साठवण करा आणि अचानक सुधारलेल्या प्लेटवर आनंद मानू नका. तो पट्टा वेगळा साठवा, त्यावर नाव घाला. तो एक स्वतंत्र प्रश्न आहे आणि कदाचित मूळ प्रश्नापेक्षा मोलाचा.

शेवटी, काढलेलं जनुक परत घालून बघितल्याशिवाय काही सिद्ध होत नाही. परत घातल्यावर वाढ, घुमट आणि डाग तिन्ही परत यायला हवेत. वाढ परत आली आणि डाग आले नाहीत, तर ट्रान्सफॉर्मेशनच्या, म्हणजे बुरशीत बाहेरून डीएनए घालण्याच्या वेळी आणखी कुठेतरी धक्का बसला आहे. आपण घातलेला डीएनए या बुरशीत बऱ्याचदा भलत्याच जागी जाऊन बसतो. केयू७० किंवा केयू८० हे तुटलेला डीएनए कसाबसा जोडणारं जनुक आधीच काढलेली स्ट्रेन वापरली तर नेमक्या जागी बसण्याचं प्रमाण खूप वाढतं. आम्ही आता त्याच वापरतो. फक्त तुलनेची मूळ स्ट्रेनही मग तीच हवी.

कधी डाग येतो, कधी नाही

असं झालं की मनात पहिली शंका एकच यावी: प्लेटवर एक बुरशी नाही, दोन आहेत.

बुरशीच्या तंतूंत वेगवेगळी केंद्रकं एकत्र नांदू शकतात. ट्रान्सफॉर्मेशननंतर काही केंद्रकांत जनुक गेलेलं, काहींत शाबूत. बदललेली बुरशी निवडायचं औषध हायग्रोमायसिन माध्यमात असेपर्यंत, मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅमच्या आसपास, औषध पचवणारी केंद्रकं टिकून राहतात आणि बाकीची त्यांच्या आधाराने जगतात. औषधाविना प्लेट केली की मूळ केंद्रकं पुन्हा डोकं वर काढतात. पीसीआरमध्ये दोन पट्टे दिसतात आणि आपण फिकट पट्ट्याकडे डोळेझाक करतो. करू नका. सुदैवाने या बुरशीचा बीजाणू आपल्याला मदत करतो. त्याच्या तीन पेशींत एकेक केंद्रक असतं आणि तिन्ही एकाच केंद्रकापासून आलेली असतात. म्हणून पाण्याच्या अगारवर बीजाणू विरळ पसरवून, सूक्ष्मदर्शकाखाली एकटा उगवलेला बीजाणू उचलला की शुद्ध वंश मिळतो. दर ट्रान्सफॉर्मंटमागे, म्हणजे डीएनए घालून मिळालेल्या दर वसाहतीमागे, निदान तीन बीजाणू उचला आणि पीसीआर त्यांच्यावर करा, मूळ गोळ्यावर नको.

दुसरं कारण दिसायला क्षुल्लक आहे, पण आमचे चार आठवडे त्याने खाल्ले. कोळीवर्गातले माइट. पावसाळ्यात ते प्लेटमध्ये शिरतात, बुरशी खातात आणि अंगावर बीजाणू घेऊन शेजारच्या प्लेटमध्ये जातात. म्युटंटच्या प्लेटवर मूळ बुरशी येते ती अशी चालत. प्लेटच्या कडेजवळ वसाहतींची ओळ दिसली, जणू कोणी चालत गेल्याच्या खुणा, तर स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली झाकण न उघडता बघा. हलणारे ठिपके दिसले की त्या कप्प्यातलं सगळं ऑटोक्लेव्हमध्ये घाला, फळी अल्कोहोलने पुसा आणि साठवलेल्या कागदांपासून पुन्हा सुरू करा. प्लेटची कड बंद करणाऱ्या पॅराफिल्मच्या पट्टीचे दोन वेढे आणि मूळ स्ट्रेन व म्युटंट वेगवेगळ्या कपाटांत, एवढं आम्ही त्यानंतर कधीच चुकवलेलं नाही.

शेतातून नवी बुरशी आणायची असेल तर सप्टेंबरमध्ये जा. गेल्या वर्षी मी मुरबाडला गेले तेव्हा काका बांधावरच थांबले होते. म्हणाले, "या कोपऱ्यात बघ, इथे दव उशिरापर्यंत राहतं." तिथे डाग होते, दोन्ही टोकांना निमुळते, मधे राखाडी, कडा तपकिरी. तपकिरी ठिपक्यांच्या दुसऱ्या रोगाचे डाग गोल-लंबगोल असतात, ते घेऊ नका. पानं कागदी पाकिटात आणली, प्लॅस्टिकमध्ये ती कुजतात. डागाचा तुकडा ओल्या कागदावर एक रात्र झाकून ठेवला आणि सकाळी त्यावर बीजाणूंचे राखाडी तुरे उभे होते. सुईच्या टोकाने उचलून पाण्याच्या अगारवर, तिथून एकेक बीजाणू, आणि पहिल्याच प्लेटपासून चोवीस गाळणकागद. पाकिटांवर मी तारीख, खाचराचा कोपरा आणि "पिढी ०" एवढंच लिहिलं आहे. त्या बुरशीने सीओ-३९ वर पाचव्या दिवशी डाग दिले. चोवीसपैकी एकोणीस पाकिटं अजून फ्रीझरमध्ये आहेत.